रिकाम्या शयनगृहात राजा कुठे आहे?

ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या चित्रकलेच्या वर्गात, दारासमोरच्या भिंतीवर, जलरंगातल्या एका चित्राची मोठी छापील प्रत लावली आहे. रशियातल्या एका राजवाड्यातलं शयनगृह. रेशमी भिंती, छत असलेला पलंग, पलंगापुढे सोनेरी कठडा. खोलीत माणूस मात्र एकही नाही.

गेल्या महिन्यात नातवाला न्यायला आलेले एक आजोबा चपला घालता घालता त्या चित्रापाशी थांबले. बराच वेळ पाहून म्हणाले, "मॅडम, काढलंय सुरेख. पण राजा कुठंय?" त्यांच्या मागे उभ्या असलेल्या एका आईने लगेच पुढचं विचारलं, "आणि एवढं बारीक काम हाताने कशाला करायचं? फोटो काढायचा ना." वर्ग सुटायची वेळ, जिन्यात मुलांचा गोंगाट; तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. पण हे दोन्ही प्रश्न पालक मला वर्षानुवर्षं विचारत आले आहेत आणि दोन्ही अगदी योग्य आहेत. ज्या चित्रात कोणी नाही आणि काही घडत नाही, ते पाहायचं कसं, हे आपल्याला शाळेत कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

हे चित्र कोणाचं, आणि कशाचं

चित्रकाराचं नाव एडुआर्ड हाउ. जन्म १८०७ चा, आज एस्टोनियाची राजधानी असलेल्या टॅलिन शहरातला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याने रशियाच्या राजघराण्यासाठी त्यांच्या वाड्यांतल्या खोल्यांमागून खोल्या रंगवल्या. सेंट पीटर्सबर्गमधला विंटर पॅलेस रंगवला, शहराबाहेरचा गाचिनाचा राजवाडा रंगवला. माझ्या भिंतीवरची खोली गाचिनाची. ती सजवली गेली १७९० च्या दशकात, झार पावेल आणि त्याची राणी मारिया फ्योदोरोव्हना यांच्या काळात. म्हणजे हाउ तिथे चित्र काढायला बसला तेव्हा पावेलला जाऊन अर्धं शतक उलटून गेलं होतं.

घराच्या आतल्या भागाच्या चित्राला आपण 'अंतर्दृश्य' म्हणू. माणसाचा चेहरा काढला की व्यक्तिचित्र, डोंगर-नदी काढली की निसर्गचित्र, तसं खोली हाच विषय घेतला की अंतर्दृश्य. त्या काळात युरोपातल्या राजघराण्यांत अशा चित्रांचं फार वेड होतं. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने ती करवून घेतली, प्रशियाच्या राजघराण्याने घेतली, रशियाच्या झारांनी घेतली. त्यांचे अल्बम बांधले जात. लग्न होऊन दूर देशी चाललेल्या मुलीला माहेरच्या खोल्यांचा असा अल्बम सोबत देण्याचीही रीत होती. मला ही रीत फार भावते. पत्रातून माणसांची खुशाली कळते, पण आपल्या खिडकीतून सकाळी ऊन कुठपर्यंत यायचं, हे पत्रात कोण लिहितं?

माणूस नसेल तर काय दिसतं

ठाण्याहून रात्री उशिराच्या लोकलने कधी गेला असाल तर आठवा. डबा जवळजवळ रिकामा असतो. तेव्हा पहिल्यांदा लक्षात येतं की डब्याला आकार आहे. हँडलांची रांग, पंख्यांची रांग, बाकांच्या पाठी, सगळं शिस्तीत लांबवर गेलेलं असतं. सकाळच्या गर्दीत त्याच डब्यातून वीस वर्षं प्रवास करूनही तो आपल्याला दिसलेला नसतो, कारण गर्दीत डोळा माणसांवरच जातो. चेहरा दिसला की मन त्याच्याकडे धावतं, हा डोळ्याचा स्वभावच आहे. चित्रकाराला हे पक्कं ठाऊक असतं. पलंगाच्या कडेला एक छोटीशी दासी जरी काढली, तरी पाहणारा त्या दासीचं चित्र पाहील, खोली मागचा पडदा होऊन जाईल.

आपल्याकडचं उदाहरण देते, कारण त्यात ठाण्याचाही धागा आहे. जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईत आला आणि पुढे पुण्यात पेशव्यांच्या दरबारी राहून त्याने सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची चित्रं काढली. १७९५ मध्ये तो ठाण्यात वारला. त्याच्या पुण्यातल्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियल या दुसऱ्या चित्रकाराने १८०५ मध्ये एक मोठं तैलचित्र पूर्ण केलं: पुण्याच्या दरबारात इंग्रजांचा दूत चार्ल्स मॅलेट पेशव्यांशी तह करतो आहे, असा प्रसंग. ते आज लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे. पुढे २७ फेब्रुवारी १८२८ ला शनिवारवाड्याला आग लागली आणि आतलं सगळं लाकूडकाम गेलं. आज आपण वाड्यात जातो तेव्हा तटबंदी दिसते आणि जोती दिसतात. आतले महाल कसे होते, हे ज्या मोजक्या गोष्टींवरून कळतं, त्यांत हे चित्र फार मोलाचं.

पण त्या चित्रासमोर बसून दरबाराची खोली नेमकी मांडायचा प्रयत्न करा. वरचं कोरीव काम, कमानी, खांब दिसतात. खालचा भाग माणसांनी भरून गेला आहे. पगड्या, शाली, बैठका. चित्रकाराची त्यात काही चूक नाही, त्याला तह दाखवायचा होता. तरीही एक कलाशिक्षिका म्हणून माझ्या मनाला चुटपुट लागते. दरबार उठल्यावर, सगळे पांगल्यावर, वेल्सने तासभर जरी एकट्याने त्या महालात बसून रेखाटन केलं असतं! हाउने जे केलं ते नेमकं हेच. तो दरबार उठल्यानंतर बसला.

गडकरी रंगायतनला नाटक पाहताना हा अनुभव आपण सगळे घेतो. तिसरी घंटा होते, पडदा सरकतो, रंगमंचावर अजून कोणी आलेलं नाही. दिवाणखाना, कोपऱ्यातलं टेबल, उघडी खिडकी. आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. त्या टाळ्या नेपथ्याला असतात. त्या काही क्षणांत आपण त्या घरातल्या माणसांबद्दल किती तरी ओळखून घेतो, एक वाक्यही ऐकण्याआधी. रिकाम्या शयनगृहाचं चित्र म्हणजे ते क्षण थांबवून धरलेले.

राजा खरंच या पलंगावर झोपायचा का

बहुतेक वेळा नाही. हे उत्तर ऐकून वर्गातली मुलं खट्टू होतात, पण इथून पुढेच गोष्ट रंगते.

युरोपातल्या राजवाड्यांत दोन प्रकारची शयनगृहं असत. एक रोजच्या झोपेचं, दुसरं मानाचं. मानाच्या शयनगृहाचा कित्ता घातला फ्रान्सच्या चौदाव्या लुईने. व्हर्सायच्या राजवाड्यात त्याने १७०१ मध्ये आपलं शयनगृह थेट वाड्याच्या मधोमध आणलं. रोज सकाळी त्याचं उठणं आणि रोज रात्रीचं झोपणं हा दरबारी सोहळा असे. राजाला सदरा कोणी द्यायचा, झोपताना मेणबत्ती कोणी धरायची, यावर सरदारांची प्रतिष्ठा ठरत असे. पलंगापुढे कठडा असे आणि त्याच्या आत कोणी यायचं याचे नियम कडक होते. त्याच खोलीत १ सप्टेंबर १७१५ ला लुई वारला.

आपल्याला हे विचित्र वाटायचं कारण नाही. पंढरपूरला पहाटे काकडआरतीने विठोबाला जागं करतात आणि रात्री शेजारती करून निजवतात, तेही भक्तांसमोर. देवाला शेजघर आहे, पलंग आहे. आषाढी-कार्तिकीला देवाचा पलंग काढतात, म्हणजे त्या दिवसांत देव झोपत नाही, अहोरात्र दर्शन देतो. पलंग आहे की नाही, एवढ्यावरून सगळ्या पंढरीला कळतं की देव काय करतो आहे. तिथे पलंग ही झोपायची वस्तू राहत नाही, ती खूण होते. व्हर्सायचा पलंग हीसुद्धा अशीच खूण होती: सत्ता इथे आहे, जागी आहे. फरक एवढाच की एकीकडे देव होता आणि दुसरीकडे स्वतःला देवाच्या जवळचा समजणारा माणूस.

पुढच्याच राजाला, पंधराव्या लुईला, या मोठ्या खोलीत झोप येईना. १७३८ मध्ये त्याने जवळच एक आटोपशीर खोली स्वतःसाठी करून घेतली. सकाळी उठून तो सोहळ्यासाठी मोठ्या शयनगृहात येत असे आणि तिथे पुन्हा 'उठत' असे.

गाचिनातही तेच. मार्च १८८१ मध्ये झार अलेक्झांडर दुसरा याची बॉम्ब फेकून हत्या झाली. त्याचा मुलगा, अलेक्झांडर तिसरा, सुरक्षेसाठी कुटुंबासह गाचिनाला राहायला गेला. मानाची शयनगृहं रिकामी होती, ती सोडून या धिप्पाड माणसाने राहायला निवडल्या वाड्याच्या बाजूच्या भागातल्या, ठेंगण्या छताच्या लहान खोल्या. म्हणजे चित्रकाराने शयनगृह रिकामं दाखवलं यात काही खोटं नव्हतं. ते तसंच असायचं. आजोबांच्या प्रश्नाचं हे पहिलं उत्तर: राजा पलीकडच्या छोट्या खोलीत आहे.

सपाट कागदावर खोली शिरते कशी

आता थोडं तंत्र. यात एकच पारिभाषिक शब्द लागेल, 'यथार्थदर्शन'. मुलं त्याला पर्स्पेक्टिव्ह म्हणतात. लांबच्या वस्तू लहान दिसतात आणि समांतर रेषा दूर जाता जाता एकमेकींकडे झुकतात, हे कागदावर अचूक मांडण्याचं शास्त्र म्हणजे यथार्थदर्शन. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात ब्रुनेलेस्की या वास्तुकाराने ते प्रयोग करून दाखवलं आणि १४३५ मध्ये अल्बेर्टीने त्याचे नियम लिहून काढले.

पुन्हा त्या रिकाम्या डब्यात चला. एका टोकाला मधोमध उभे राहा. वरची हँडलं खाली झुकत जाताना दिसतील, खालचे बाक वर चढत जाताना दिसतील, आणि सगळं मिळून समोर एका ठिपक्याकडे धावेल. तो ठिपका तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर असतो. तुम्ही खाली बसलात की ठिपकाही खाली येतो. दुसरा उंच माणूस उभा राहिला की त्याचा ठिपका वर जातो. प्रत्येकाचा ठिपका वेगळा.

म्हणून ज्या चित्रात समोरची भिंत आपल्यासमोर सरळ उभी आहे, त्याची छापील प्रत घ्या. जमिनीवरच्या फळ्यांच्या रेषा, छताची पट्टी, खिडक्यांची वरची कड, प्रत्येकीवर एक दोरा धरून टाचणीने ताणा. दोरे जिथे एकत्र येतील, त्याच्या बरोबर समोर चित्रकाराचा डोळा होता. तो बसला होता की उभा, खोलीच्या मध्यावर की दाराच्या बाजूला, हे दीडशे वर्षांनी तुम्ही दोऱ्याने सांगू शकता. माझ्या वर्गातली दहा वर्षांची मुलं हे करतात आणि ठिपका सापडला की ओरडतात. मलाही दर वेळी तेवढाच आनंद होतो. कारण त्या क्षणी कळतं की खोली पूर्ण रिकामी नव्हतीच. एक माणूस तिथे होता आणि तो नेमका कुठे होता, हे चित्राच्या प्रत्येक रेषेत लिहिलेलं आहे. आजोबांच्या प्रश्नाला हेही एक उत्तर होऊ शकतं.

उरलं सोनं. मुलांना वाटतं सोनेरी कठडा काढायला सोनेरी रंगाची बाटली लागते. ती बाटली मी वर्गात ठेवत नाही. पैठणीच्या पदराकडे बारकाईने पाहा: जरीचा बहुतेक भाग तपकिरी-पिवळा असतो, काही ठिकाणी जवळजवळ काळा, आणि जिथे उजेड आपटतो तिथे पांढरा. चमक म्हणजे गडद आणि उजळ यांचं अगदी शेजारी शेजारी असणं. चित्रकार यलो ऑकर लावतो, वर बर्न्ट सिएना, खाचेत सेपिया, आणि टोकाला एक पांढरा ठिपका. जलरंगात तो पांढरा बहुतेकदा रंगाचा नसतो, कोरा सोडलेला कागद असतो. त्यामुळे कुठे काय चमकणार हे पहिला हात मारण्याआधी ठरलेलं लागतं. तैलरंगात चूक झाकता येते. जलरंगात पलंगाच्या पडद्यावरची एक चुकीची सावली म्हणजे अनेक दिवसांचं काम वाया. अशा खोलीच्या चित्रात हजारो ठिकाणी हा निर्णय बरोबर घेतलेला असतो.

मग फोटो का नाही काढला

फोटोचा शोध १८३९ मध्ये जगासमोर आला होता, म्हणजे हाउच्या काळात कॅमेरे होते. पण जुन्या कॅमेऱ्याला उजेड भरपूर लागायचा. जाड पडद्यांच्या, अर्धवट अंधाऱ्या खोलीत फोटो घ्यायचा तर खूप वेळ कॅमेरा उघडा ठेवावा लागे आणि खिडकीजवळचा भाग पांढराफट, कोपरे काळेकुट्ट येत. रंग तर नव्हताच. सर्वसामान्यांना विकत घेता येईल अशी रंगीत छायाचित्रणाची पहिली पद्धत बाजारात आली १९०७ मध्ये. ज्या खोलीचा सगळा थाट रेशमाच्या रंगात आहे, तिचा काळा-पांढरा फोटो म्हणजे रागाशिवाय बंदिशीचे नुसते शब्द.

दुसरं कारण आजच्या कॅमेऱ्यालाही लागू पडतं. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या नव्या प्रकल्पाची माहितीपत्रिका उघडा. दहा बाय दहाची बेडरूम फोटोत हॉलएवढी दिसते आणि कडेची उशी लांबट झालेली असते. खोली लहान, कॅमेरा भिंतीला टेकलेला, मग एकाच चौकटीत सगळं कोंबायला वाइड लेन्स वापरावी लागते आणि ती कडा ओढते. चित्रकाराला भिंतीची अडचण नाही. तो मनाने मागची भिंत काढून टाकतो आणि चार पावलं मागे सरकतो. नाटकाच्या नेपथ्याला चौथी भिंत नसते ना, तसंच. म्हणून अशा चित्रांत छत, जमीन आणि तिन्ही भिंती एकदम दिसतात, आणि तरीही काही ताणलेलं वाटत नाही. खोलीत प्रत्यक्ष उभं राहून कोणालाच न दिसणारं, पण खोलीशी प्रामाणिक असं ते दृश्य असतं.

पण चित्रकाराने सजवून दाखवलं नसेल कशावरून

ही शंका मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. अशा चित्राला मी पंचनाम्यासारखं मानते, पण पंचनामा करणारा घरमालकाचाच पगारी आहे, हे विसरत नाही. मालकाला आपली खोली नीटनेटकी हवी असते. म्हणून चादरीला सुरकुती नसते. पडद्याची मागची, विरलेली बाजू दिसत नाही. रात्रीचं भांडं नसतं, राखेची बादली नसते. समोर आरसा असेल तर त्यात चित्रकार आणि त्याचा बोर्ड दिसायला हवा, तोही बहुधा दिसत नाही.

म्हणून अभ्यासक एकट्या चित्रावर विसंबत नाहीत. राजवाड्यांत सामानाच्या याद्या ठेवल्या जात: कोणत्या खोलीत किती खुर्च्या, कशाचं कापड, किती पडदे. यादी आणि चित्र शेजारी ठेवायचं. यादीत सहा खुर्च्या आणि चित्रात चार, तर का? दोन मागच्या भिंतीला असतील, जी चित्रात येतच नाही. किंवा मध्ये हलवल्या असतील. शिवाय मूळ सामान कुठे शिल्लक असेल तर त्यावर फूटपट्टी ठेवून पाहता येते. इतकं करून जुळलं की चित्र पुरावा म्हणून उभं राहतं. हाउसारख्याच्या बाबतीत ते आश्चर्य वाटावं इतकं जुळतं, कारण त्याचं कामच मोजमापाचं होतं. त्याने काय काढलं यावर विश्वास ठेवता येतो. काय गाळलं, याचा विचार आपण करायचा.

खोली जळाली, कागद उरला

लंडनमध्ये कार्लटन हाउस नावाचा एक राजवाडा होता, चौथ्या जॉर्जचा. लाखो पौंड ओतून सजवलेला. १८२० च्या दशकात तो पाडून टाकला. आज त्याच्या खोल्या आपल्याला माहीत आहेत त्या मुख्यतः विल्यम पाइन याने १८१९ मध्ये पूर्ण केलेल्या शंभर रंगीत चित्रांच्या ग्रंथातून. तो ग्रंथ काढताना पाइन स्वतः कर्जात बुडाला. वाडा सजवणारा राजा आणि कर्ज काढून त्याची चित्रं छापणारा पाइन, यांच्यात जास्त टिकाऊ काम कोणाचं ठरलं, ते उघड आहे.

आणि गाचिना. १९१७ च्या क्रांतीनंतर तो वाडा संग्रहालय झाला. १९४१ मध्ये जर्मन फौजा आल्या. त्याआधी संग्रहालयातल्या लोकांनी जेवढं हलवता आलं तेवढं हलवलं, त्यात ही चित्रंही वाचली. जानेवारी १९४४ मध्ये माघार घेताना जर्मनांनी वाडा पेटवला. आत उरल्या काळ्या भिंती. अनेक वर्षं तिथे दुसऱ्याच संस्था होत्या. १९७६ मध्ये जीर्णोद्धाराचं काम खऱ्या अर्थाने सुरू झालं आणि १९८५ मध्ये पहिल्या काही खोल्या लोकांना पाहायला खुल्या झाल्या.

त्या कारागिरांसमोर काय होतं? जळक्या भिंतींवर चिकटून राहिलेले गिलाव्याचे तुकडे, मोजमापं, युद्धापूर्वीचे काळे-पांढरे फोटो, आणि हाउ व त्याच्या काळातल्या चित्रकारांचे जलरंग. फोटोतून आकार मिळाला. रेशमाचा रंग, कठड्याच्या सोन्याची छटा, पडद्याची झालर कुठे कशी वळते, यासाठी कागदावरच्या रंगाकडे जावं लागलं. कधी काळी राजघराण्याने आपल्या हौसेसाठी काढून घेतलेली चित्रं सुतार, विणकर आणि मुलामा देणाऱ्यांच्या टेबलावर कामाचा नकाशा म्हणून आली. चित्रकाराने माणसं गाळली होती म्हणूनच हे शक्य झालं. कठड्यासमोर चार सरदार उभे असते, तर कठड्याचे चार खांब कायमचे गेले असते.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. रेशीम उजेडाने विटतं, आणि जलरंगही विटतो. म्हणून संग्रहालयं अशी मूळ चित्रं सतत टांगून ठेवत नाहीत. मंद, साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) उजेडात थोडे महिने दाखवून पुन्हा अंधाऱ्या कपाटात ठेवतात. तुमच्या घरी आजोबांच्या हातचं एखादं जलरंगातलं चित्र असेल, तर खिडकीसमोरच्या भिंतीवरून ते आजच काढा. उन्हाचा कवडसा येत नाही अशा भिंतीवर लावा.

राजेरजवाड्यांचं कौतुक कशाला

एका पालकांनी हे मला थोड्या रागाने विचारलं होतं आणि त्यांचा राग मला मान्य आहे. गाचिनाचं शयनगृह सजलं तेव्हा रशियातले कोट्यवधी शेतकरी भूदास होते, जमिनीबरोबर विकले जाणारे. ती प्रथा १८६१ मध्ये संपली. कठड्यावरचं सोनं त्यांच्या घामातून आलं. चित्रात ती माणसं नाहीत, आणि त्यांचं नसणं राजाच्या नसण्यासारखं नाही. राजाचं नाव खोलीला आहे. जमीन घासणाऱ्या बाईचं कुठेच नाही.

पण म्हणून चित्र पाहू नये, असं मला वाटत नाही. पाहताना एक सवय लावून घेतली तर तीच माणसं दिसू लागतात. ती गुळगुळीत जमीन पाहिली की विचारायचं, हिला मेण कोण लावत होतं? पडदा एवढा उंच, तो धुवायला काढताना किती जणांनी शिडी धरली असेल? रेशीम विणायला किती महिने? रिकाम्या खोलीत एवढे प्रश्न विचारायला जागा असते. सिंहासनावर बसलेल्या राजाच्या चित्रात ती मिळत नाही, तिथे सगळं बोलणं तोच करतो.

नौपाड्यातली एक खोली

हे सगळं मी राजवाड्यांसाठी शिकवत नाही. आमच्या आजूबाजूच्या तीन-चार मजली जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. लोकांना लिफ्ट मिळेल, न गळणारं छत मिळेल. ते हवंच आहे. पण खोली रिकामी करताना लोक मोबाइलवर घाईने पाच-सहा फोटो काढतात, सगळ्यांत माणसं हसत उभी आणि मागे खोक्यांचा ढीग. खोली त्यात नसते.

गेल्या वर्षी आठवीतल्या एका मुलीने आजीची खोली काढायला घेतली. इंटरमिजिएटच्या परीक्षेचा सराव म्हणून सुरुवात झाली होती. मी तिला सांगितलं, आधी टेप घे आणि भिंती मोज. मग दार-खिडक्या. मग कॉट, फडताळ, देव्हारा, मोरीचा कट्टा. बसायची जागा एकदा ठरवली की बदलायची नाही, खडूने जमिनीवर खूण कर. उजेड रोज एकाच वेळचा घे. ती पाच रविवार तिथे दुपारी साडेतीनला बसली.

तिसऱ्या रविवारी घरच्यांनी लोखंडी कपाट हलवलं आणि मागच्या भिंतीवर कपाटाच्या मापाचा एक गडद हिरवा चौकोन निघाला. बाकी भिंत उडून पोपटी झाली होती. खोलीचा मूळ रंग तेवढ्या भागात जपला गेला होता. तिने विचारलं, "मॅडम, कपाट काढू की चौकोन?" आम्ही दोघींनी बराच विचार केला. शेवटी तिने दोन चित्रं केली.

काम संपल्यावर ती चित्रं आजींना दाखवायला घेऊन गेली. मीही गेले होते. आजींनी चष्मा पुसला, कागद खिडकीकडे धरला आणि सगळं पाहून झाल्यावर दाराच्या डाव्या बाजूला बोट ठेवलं. "इथे खुंटी आहे, ती राहिली. ह्यांचा सदरा असायचा तिथे." मुलीने पेन्सिल काढली आणि हळूच विचारलं, सदराही काढू का? आजी म्हणाल्या, "नको, खुंटीच काढ."

ती खुंटी जमिनीपासून किती उंचीवर आहे, हे मोजायला ती पुन्हा टेप घेऊन उठली. पाच फूट आठ इंच. आजोबांच्या हाताला सहज पोहोचेल अशी, आजींना टाचा उंच कराव्या लागतील अशी.